मूकपटातली सहल: बायकापोरांसह निघालेला विनोद कसा रचला जायचा

मूक विनोदपट म्हटलं की पळणारा माणूस आठवतो. मागे पोलीस, समोर मोकळा रस्ता. पण 1910 आणि 1920 च्या दशकांत अमेरिकी विनोदपटांमध्ये आणखी एक प्रकार चांगला रुजला होता. त्यातल्या नायकाला पळता येत नाही. बरोबर बायको आहे, दोन पोरं आहेत, कधी सासूही आहे, आणि आज सगळ्यांना फिरायला न्यायचं ठरलंय. एकटा भटक्या असता तर बंद पडलेली गाडी रस्त्यावर सोडून चालू लागला असता. घरच्यांना गाडीत बसवून आलेल्या माणसाला ती सुरू करावीच लागते. हा सगळा प्रकार याच अडचणीवर उभा आहे. ती एकदा लक्षात आली की शंभर वर्षांपूर्वीच्या या चित्रपटांचे सांधे स्पष्ट दिसू लागतात.

कुटुंब पडद्यावर आलं ते सिनेमाच्या पहिल्या दिवसापासून. 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसच्या ग्राँ कॅफेत ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून खेळ केला, तेव्हा दाखवलेल्या दहा चित्रफितींपैकी एकीत ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्याची बायको आपल्या तान्ह्या मुलीला भरवताना दिसतात. दुसरीत माळी झाडांना पाणी घालतोय. एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो. जेमतेम पाऊण मिनिटाचा खेळ, पण दृश्य विनोदाचं सगळं व्याकरण त्यात आहे: वस्तू नीट कशी चालते ते आधी दाखवा, मग ती कशाने अडली ते प्रेक्षकाला कळू द्या पण पात्राला कळू देऊ नका.

पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या व्हायटाग्राफ कंपनीने जॉन बनी आणि फ्लोरा फिंच या जोडीला घेऊन नवराबायकोच्या कुरबुरींवर छोटे विनोदपट काढले. तो गोलमटोल, ती काटकुळी. 1912 मधल्या एका चित्रपटात नवरा चोरून पत्ते खेळायला जातो आणि बायको त्याची खोड मोडते. त्याच कंपनीत मिस्टर आणि मिसेस सिडनी ड्रू हे खरोखरचं जोडपं धावपळ न करता दिवाणखान्यातला शांत विनोद करत असे. बनी 1915 मध्ये गेला, ड्रू 1919 मध्ये. घरातला विनोद तोवर प्रेक्षकांच्या अंगवळणी पडला होता. आता तो घराबाहेर पडायचा होता, आणि त्याला बाहेर काढलं मोटारगाडीने.

रिळाचा हिशेब

हे चित्रपट बहुतेक 'दोन रिळांचे' असत. हा आकडा कळला नाही तर त्यांची रचनाही कळत नाही. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 चौकटी, म्हणजे 16 सुटी चित्रं, बसतात. एक रीळ हजार फुटांचं, म्हणजे 16,000 चौकटी. सेकंदाला 16 चौकटींनी दाखवलं तर एक रीळ 16 मिनिटं 40 सेकंद चालतं. बोलपटाच्या सेकंदाला 24 या वेगाने तेच रीळ 11 मिनिटांत संपतं. म्हणजे दोन रिळांच्या चित्रपटाची लांबी वेगाप्रमाणे 22 मिनिटांपासून 33 मिनिटांपर्यंत कितीही भरू शकते. एकाच चित्रपटाचा कालावधी दोन ठिकाणी वेगळा लिहिलेला दिसतो तो यामुळे. प्रत्येक वेळी काहीतरी कापलेलंच असतं असं नाही.

एवढ्या वेळात गोष्ट रचायला जागा नसते. मग लेखक मंडळी तीन-चार ठिकाणं ठरवत: घर, वाटेवरची गाडी, सहलीची जागा, परतीचा रस्ता. प्रत्येक ठिकाणी एक वस्तू, आणि त्या वस्तूचे जितके उलटे प्रकार सुचतील तितके. सहल हा विषय या हिशेबात चपखल बसतो, कारण तिला सुरुवात आणि शेवट आयता असतो. सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं. मधली कारणमीमांसा कुणी विचारत नाही.

चॅप्लिनची एक दिवसाची मौज

चार्ली चॅप्लिनचा 'अ डेज प्लेझर' 15 डिसेंबर 1919 ला प्रदर्शित झाला. तेव्हा तो 'द किड' या मोठ्या चित्रपटात गुंतला होता. ते काम लांबत चाललं होतं आणि वितरक कंपनी फर्स्ट नॅशनलला चित्रपट हवे होते. म्हणून हा दोन रिळांचा विनोदपट पुरा करून दिला गेला. एडना पर्व्हायन्स बायको झाली आहे आणि दोन मुलांपैकी धाकटा म्हणजे 'द किड'चाच जॅकी कूगन. चॅप्लिनच्या उत्तम कामांत याची गणना होत नाही, आणि ते योग्यच आहे. तुकडे जोडलेले दिसतात. पण रचना शिकायला हाच जास्त उपयोगी, कारण शिवण उघडी आहे.

सुरुवात होते फोर्ड मॉडेल टी सुरू करण्यापासून. इंजिन लागतं, आख्खी गाडी थडथडते, पुन्हा गप्प होते. आज ही गंमत अर्धीच पोचते, कारण ती गाडी सुरू कशी करायची हे आपल्याला ठाऊक नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाला ते तोंडपाठ होतं. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून जास्त मॉडेल टी विकल्या गेल्या. पद्धत अशी: आधी हातब्रेक पूर्ण मागे ओढायचा, म्हणजे चाकं धरली जातात आणि गिअरही सुटतो. स्टिअरिंगखाली डावीकडे ठिणगीची वेळ ठरवणारा दांडा, उजवीकडे पेट्रोलचा. डावा पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. उजवा थोडासाच खाली. मग खाली उतरून गाडीच्या नाकाशी जायचं, तिथली चोकची तार ओढून हँडल थोडं फिरवायचं, म्हणजे इंजिनात पेट्रोल ओढलं जातं. मग परत येऊन चावी लावायची, पुन्हा पुढे जायचं आणि हँडल खालून वर झटक्यात ओढायचं. शहाणा माणूस ते डाव्या हाताने ओढी आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवी. ठिणगीचा दांडा वर करायला विसरलात तर ठिणगी लवकर पडते, इंजिन उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. इंजिन लागलं की धावत आत येऊन दोन्ही दांडे सांभाळायचे, नाहीतर ते आचके देऊन बंद पडतं.

आता यातला विनोद पाहा. यंत्र बाहेरून सुरू होतं आणि आतून चालवलं जातं. चालवणाऱ्याच्या जागेपासून हँडलपर्यंत पाचसहा पावलं. ती पावलं तो घरच्यांच्या नजरेसमोर पुन्हा पुन्हा चालतो, आणि घरचे मात्र सजूनधजून गाडीत बसलेले, त्यांना दुसरं कामच नाही. नायकाला वारंवार धावायला लावणारी ही व्यवस्था कुणी विनोदासाठी रचलेली नव्हती, कारखान्यातून तशीच आली होती.

पुढचा मोठा भाग सहलीच्या बोटीवर आहे. बोट लागणं हा मूकपटासाठी सोयीचा आजार, कारण त्याला शब्द लागत नाहीत. चेहरा, रुमाल, कठड्याकडे घेतलेली धाव, इतकं पुरतं. बोट हलते कशी, हा मात्र तांत्रिक प्रश्न आहे. खऱ्या समुद्रावर कॅमेराही बोटीबरोबरच हलतो, त्यामुळे चित्रात बोट स्थिर आणि क्षितिज हलताना दिसतं. चॅप्लिनने 1917 च्या 'द इमिग्रंट'मध्ये यावर दोन उपाय केले होते. डेकवरच्या दृश्यांसाठी कॅमेऱ्याला खाली जड लंबक लावून तो झुलता ठेवला. जेवणघराच्या दृश्यांसाठी आख्खा सेटच हलता बांधला, म्हणजे ताटल्या खरोखर घसरतात. कॅमेरा झुलला तर माणसं घसरत नाहीत, त्यांना तोल जाण्याचा अभिनय करावा लागतो. सेट झुलला तर अभिनय करावा लागत नाही, पण वस्तू नेमक्या कुठे जाऊन पडतील याचा भरवसा नसतो. जहाजावरचा कोणताही जुना विनोदपट पाहताना टेबलावरची भांडी बघा. कोणती युक्ती वापरली आहे ते तिथेच कळतं.

'अ डेज प्लेझर'मधल्या बोटीवरच ती प्रसिद्ध घडीची खुर्ची आहे. कापडाची, डेकवर टाकायची. तिच्या दोन लाकडी चौकटी मधल्या खिळीवर एकमेकींत फिरतात, तिसरी आधाराची चौकट मागच्या खाचांत अडकते, आणि वरून खालपर्यंत एकच कापड ताणलेलं. बरोबर बसण्याचा मार्ग एकच, चुकण्याचे अनेक. चौकट उलटी फिरली तर कापड खाली जातं, खाच चुकली तर खुर्ची सपाट होते, दोन्ही चौकटी एकाच बाजूला आल्या तर बोटं चिमटतात. चार्ली यातून एकेक प्रकार काढत जातो आणि शेवटी खुर्ची समुद्रात फेकून देतो. विनोद लिहिणारे या शेवटच्या घावाला 'टॉपर' म्हणत. तो आधीच्या सगळ्या प्रयत्नांपेक्षा वेगळ्या जातीचा असावा लागतो. खुर्ची सहाव्यांदा चुकली असती तर हसू विझलं असतं. ती पाण्यात गेली म्हणून प्रसंग मिटला.

परतीच्या वाटेवर चौक आहे. सिग्नलचा दिवा नाही, मध्ये पोलीस उभा. गाडी पुढे घ्यावी तर शिट्टी, मागे घ्यावी तर लोक. त्यातच रस्त्यावर डांबर सांडतं आणि पोलिसांचे, चार्लीचे पाय त्यात रुततात. पाय घट्ट, मग शरीर कितीही पुढे झुकलं तरी पडत नाही. डांबर हा नायकाला खिळवून ठेवण्याचा दुसरा मार्ग आहे. दिवसभर जे काम कुटुंबाने केलं तेच आता रस्ता करतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बोटीवरच्या कृष्णवर्णीय वादकाला बोट लागते आणि त्याचा चेहरा पांढरा पडतो, असा विनोद या चित्रपटात आहे. तो वर्णद्वेषी आहे. मुलांना दाखवणार असाल तर आधी स्वतः पाहून ठेवा आणि त्याबद्दल त्यांच्याशी बोला.

कीटनची होडी

चॅप्लिनच्याच काळातला विनोदी नट बस्टर कीटन याच्या 1921 मधल्या 'द बोट'मध्ये हीच रचना फार वरच्या दर्जाला पोचते. बापाने घराच्या तळघरात होडी बांधली आहे. होडी दारापेक्षा मोठी. गाडीला दोर बांधून ती बाहेर ओढतो तेव्हा भिंतही बरोबर निघून येते, आणि पाठोपाठ घर कोसळतं. म्हणजे सहलीला निघतानाच परतायची जागा गेली. पहिल्या काही मिनिटांतच कीटनने कुटुंबाला होडीत कायमचं बसवलं. दोन्ही मुलांच्या डोक्यावर बापासारखीच चपटी टोपी आहे. त्या टोप्यांमुळे लांबच्या चित्रातही कोण कुणाचं हे पडद्यावरची मजकुराची पाटी न वाचता कळतं.

मग होडी पाण्यात सोडण्याचा प्रसंग. कीटन पुढच्या टोकावर ताठ उभा. होडी घसरत पाण्यात शिरते आणि न थांबता तशीच खाली जाते. तो हलत नाही. शेवटी पाण्यावर टोपी तेवढी उरते. पडद्यावर काही सेकंद. ते मिळवायला तीन दिवस गेले, असं कीटनने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. फ्रेड गॅबोरी हा त्याचा तांत्रिक प्रमुख. त्यांनी दोन होड्या तयार केल्या होत्या, एक तरंगणारी आणि एक बुडणारी. बुडणारी बुडेना. आधी तिच्यात सुमारे 1600 पौंड बिडाचं वजन भरलं. तरी मागच्या भागात हवा कोंडून राही आणि पाण्यात शिरताना वेग मंदावे. भोकं पाडली, मागची बाजू निखळून पाणी आत घेईल अशी केली, तरी लाकूड वर येतच होतं. अखेर समुद्रतळाशी नांगर टाकून त्याच्या कप्पीतून दोर घेतला, एक टोक होडीला आणि दुसरं चौकटीबाहेरच्या ओढबोटीला बांधलं, आणि होडी अक्षरशः खाली ओढून नेली. लाकडी होडी हळूहळू बुडते, थांबत थांबत. विनोदाला मात्र एकसारखा वेग हवा होता. होडी मध्येच क्षणभर अडखळली असती तर प्रेक्षकाला 'आता वाचेल' असं वाटलं असतं आणि त्या ताठ उभं राहण्यातला अर्थ गेला असता.

पुढे कामांची एक साखळी येते आणि तिचं तर्कशास्त्र घरगुती आहे. होडीच्या आतल्या भिंतीवर चित्र लावायला बाप खिळा ठोकतो, तिथून पाणी येतं. बायकोने केलेला पॅनकेक इतका चिवट आहे की तो गळतीवर ठिगळ म्हणून लावला जातो. आत पाणी साचलं म्हणून ते जाऊ देण्यासाठी तो तळाला भोक पाडतो, तर खालून कारंजं उडतं. प्रत्येक पाऊल जमिनीवरच्या घरात शहाणपणाचं ठरलं असतं. भिंत आहे तर चित्र लावा, पाणी साठलं तर खाली भोक पाडा. हा माणूस मूर्ख नाही, तो फक्त घरातल्यासारखा वागतोय. म्हणूनच त्याच्याविषयी आपुलकी वाटत राहते. बायकोचं काम सिबिल सीली करते आणि तिला एडनापेक्षा पुष्कळ जास्त वाव आहे. नवऱ्याच्या योजना ती निमूटपणे पार पाडते, त्यामुळे चुकीची जबाबदारी दोघांत वाटली जाते.

कीटनने मजकुराच्या पाट्याही कमी ठेवल्या. पाटी आली की हालचाल तुटते, आणि हालचालीत असलेला विनोद पाटीनंतर पुन्हा जुळवावा लागतो. त्याच्या एक वर्ष आधीच्या 'वन वीक'मध्ये नवदांपत्याला भेट म्हणून सुट्या भागांचं घर मिळतं, आणि एक जळका प्रतिस्पर्धी खोक्यांवरचे आकडे बदलतो. हे एकदा आकडा फिरवताना दाखवलं की संपलं. वाकडं घर का झालं ते पुढे कुणाला सांगावं लागत नाही.

टर्की, ट्राम आणि सासू

त्याच काळातला आणखी एक विनोदी नट हॅरल्ड लॉइड, त्याचा 'हॉट वॉटर' 1924 चा, पाच रिळांचा. तरी आतून तो तीन छोटे विनोदपट जोडल्यासारखाच आहे. पहिल्यात नवरा बाजारहाट करून, सोडतीत लागलेली जिवंत टर्की काखेत घेऊन गर्दीच्या ट्राममध्ये चढतो. दुसऱ्यात नव्या गाडीतून सासू आणि मेहुण्यांना घेऊन फेरी, त्यात नवीकोरी गाडी मोडीत निघते. तिसऱ्यात रात्री घरात, क्लोरोफॉर्म आणि झोपेत चालणारी सासू. मधला भाग या लेखाच्या विषयाचा गाभा आहे: चालवणारा एक आणि सूचना देणारे चार.

ट्रामचा प्रसंग पाहताना लॉइडचा उजवा हात बघा. 1919 मध्ये छायाचित्र काढताना हातातला नकली समजलेला बॉम्ब फुटला आणि त्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली. पडद्यावर तो खास बनवलेला हातमोजा घाली, त्यात खोटी बोटं असत. पुडकी, पक्षी, तिकीट, टोपी हे सगळं सांभाळण्याचा तो प्रसंग अशा हाताने केलेला आहे. पुडकी तो छातीशी आणि कोपरात का धरतो, हेही त्यावरून कळतं. लॉइड चित्रपट पुरा होण्याआधी लोकांसमोर चालवून बघे आणि हसू पडलं नाही तिथे पुन्हा चित्रीकरण करी. त्याचे प्रसंग इतके घट्ट विणलेले दिसतात ते त्यामुळे.

आज पाहताना काय बिघडतं

पहिली अडचण वेग. कॅमेरा हाताने फिरवत. एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे 16 चौकटी. विनोदी धावपळीसाठी कॅमेरामन मुद्दाम सावकाश फिरवी. सेकंदाला 12 चौकटींनी टिपलेली पाच सेकंदांची धाव म्हणजे 60 चौकटी. त्या 16 च्या वेगाने दाखवल्या की पावणेचार सेकंदांत संपतात. इतकी घाई दिग्दर्शकाला हवी असे. पण तीच फिल्म 24 च्या वेगाने चालवली की ती अडीच सेकंदांत उरकते आणि माणसं टुणटुण उड्या मारल्यासारखी दिसतात. हे टाळायला काही जण प्रत्येक दुसरी चौकट दोनदा छापत: 1, 2, 2, 3, 4, 4. वेग सुधारतो, पण हालचाल ठेचकाळते.

तुमच्यासमोरची प्रत बरोबर आहे का हे नायकाकडे पाहून ठरवू नका, तो मुळातच घाईत असतो. मागून जाणारी माणसं, समुद्राच्या लाटा, सांडणारं पाणी, धूर यांकडे बघा. तेही घाईत असतील तर प्रत जास्त वेगाने चालवलेली आहे. व्हिडिओच्या प्लेअरमध्ये वेग 0.75 करा. 18 च्या वेगाने टिपलेली आणि 24 ने चालणारी फिल्म त्याने नेमकी जागेवर येते. संगीत मात्र रेंगाळेल, तेव्हा आवाज बंद करून दुसरं काही वाजवलं तर बरं. मूकपट कधीच शांततेत पाहिले जात नसत. थिएटरात पियानो किंवा वाद्यवृंद असेच.

दुसरी अडचण चौकटीची. मूळ चित्र चारास तीन या प्रमाणात आहे. रुंद पडदा भरायला काही प्रतींत वरून-खालून चित्र छाटलेलं असतं, आणि छाटल्यावर आधी जातात ते पाय. चॅप्लिनच्या डांबराच्या प्रसंगात पायच दिसले नाहीत तर माणूस का पडत नाही हे कळणारच नाही. या लोकांनी कॅमेरा लांब ठेवून डोक्यापासून बुटांपर्यंत आख्खा माणूस चित्रात घेतला होता, कारण युक्ती खरी आहे याचा पुरावा तोच. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसत असतील तर प्रत चांगली समजा.

तिसरी गोष्ट, हे चित्रपट एकटे दाखवायचे नव्हतेच. दोन रिळांचा विनोदपट मोठ्या चित्रपटाच्या आधी, इतर खेळांसोबत लागे. आपल्याकडेही तसंच होतं. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा जाहिरातीत त्याच्याबरोबर नाच, पायांनी कसरत करणारा कलावंत आणि 'टिप-टॉप कॉमिक्स' अशा विनोदी फिती होत्या. म्हणून एका बैठकीत तीन-चार विनोदपट सलग लावू नका. तिसऱ्याला हसू थकतं आणि दोष चित्रपटाला जातो. मुलांबरोबर बसणार असाल तर आधी पाऊण मिनिटाचा माळी, मग 'वन वीक'. दुसऱ्या दिवशी 'द बोट'. 'हॉट वॉटर'चा ट्रामचा भाग स्वतंत्रपणेही पाहता येतो. हे सगळे चित्रपट अमेरिकेत आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, त्यामुळे प्रती पुष्कळ सापडतात. त्यातली स्वच्छ, न छाटलेली आणि बरोबर वेगाची निवडायला पाच मिनिटं द्या. पुसट प्रतीत कीटनचा चेहरा नुसता पांढरा ठिपका होतो, आणि होडी बुडताना त्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही हेच तर बघायचं असतं.